झारनं गाऊ नये

१८३७ साली झार निकोलाय पहिला यानं रशियातल्या नाट्यगृहांसाठी एक नियम घालून दिला. रोमानोव्ह घराणं गादीवर येण्याआधी जे राजे होऊन गेले, त्यांची पात्रं गंभीर नाटकात दाखवायला हरकत नव्हती. ऑपेरात मात्र झारचं पात्र आणायचं नाही. सोळाव्या शतकातला ‘भयंकर’ इव्हान रंगमंचावर येऊन दरडावू शकत होता, मुंडकी उडवायचे हुकूम सोडू शकत होता. गायची त्याला बंदी होती. पुढे पस्तीसेक वर्षांनी निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्यानं याच इव्हानवर ऑपेरा रचला आणि परवानगीसाठी खेटे घालताना या नियमाचं कारण विचारलं. मिळालेलं उत्तर त्यानं आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलंय. झारनं मधेच एखादं गाणं म्हटलं तर ते शोभेल का, असा त्याचा आशय होता.

हसू येतं, पण मला तो सेन्सॉर मूर्ख वाटत नाही. बोलणाऱ्या राजाशी वाद घालता येतो, त्याचं म्हणणं खोडता येतं. गाणारा राजा थेट अंगात शिरतो. त्याची भीती आपली होते, त्याची झोपमोड आपली होते. आणि ज्या राजाची दया येऊ शकते, तो राजा उरतो किती? रशियन सत्तेला संगीताचं हे बळ फार लवकर उमगलं होतं. तिथल्या लेखकांनाही ते उमगलं होतं, आणि त्यांनाही त्याची धास्ती वाटायची. पुश्किनपासून पास्तरनाकपर्यंतची दीडशे वर्षं पाहिली, तर रशियात संगीताला सतत एकच प्रश्न विचारलेला दिसतो: तू नक्की म्हणतोयस काय? जर्मनीत सिम्फनी ही सिम्फनी म्हणून खपून जायची. रशियात तिच्यात मजकूर शोधला जायचा. झारचा सेन्सॉर शोधायचा, पक्षाचा संपादक शोधायचा आणि तिकीट काढून आलेला श्रोताही शोधायचा.

रिम्स्की-कोर्साकोव्हला अखेर परवानगी मिळाली ती वरून वजन वापरून. नौदलाचा प्रमुख असलेला राजपुत्र कोन्स्तान्तिन निकोलायेविच मधे पडला. त्या काळात, १८७१-७२च्या हिवाळ्यात, रिम्स्की-कोर्साकोव्ह पीटर्सबर्गमध्ये एका भाड्याच्या खोलीत राहत होता. खोलीत दुसरा भाडेकरू होता मोदेस्त मुसोर्ग्स्की. दोघांत मिळून पियानो एक. सकाळपासून दुपारी बारापर्यंत पियानो मुसोर्ग्स्कीचा. तेवढ्या वेळात दुसरा स्वरलिपीच्या प्रती करत किंवा वाद्यवृंदाची मांडणी करत बसे. बाराला मुसोर्ग्स्की सरकारी कचेरीत नोकरीवर जाई, मग पियानो मोकळा. संध्याकाळचं आपसांत ठरवून. त्या एका पियानोवर दोन झार गायला शिकत होते: एकाचा इव्हान आणि दुसऱ्याचा बोरिस गोदुनोव्ह.

बोरिसची कथा पुश्किनची. १८२५ साली मिखाइलोव्स्कोये या आपल्या गावी नजरकैदेत असताना त्यानं ते नाटक लिहिलं. लहानग्या राजपुत्राच्या खुनाचा संशय डोक्यावर घेऊन गादीवर बसलेला झार, त्याच राजपुत्राचं नाव घेऊन चालून आलेला तोतया, आणि सगळं पाहत उभी असलेली रयत. तोतयांचा इतिहास मराठी वाचकाला नवा नाही, त्यामुळे हे नाटक आपल्याला लगेच कळतं. निकोलायनं पुश्किनला दरबारात बोलावून, यापुढे तुझा सेन्सॉर मीच, असं सांगितलं होतं. त्यानं हस्तलिखितावर अभिप्राय दिला, की याची वॉल्टर स्कॉटच्या धर्तीवर कादंबरी करावी. पुश्किननं ते केलं नाही. नाटक छापून आलं ते १८३०च्या अखेरीस, आणि रंगमंचावर आलं थेट १८७० साली. तोवर पुश्किनला द्वंद्वयुद्धात मरून तेहेतीस वर्षं झाली होती.

मुसोर्ग्स्कीनं १८६९ साली ऑपेरा पुरा केला. १८७१मध्ये शाही नाट्यगृहांच्या समितीनं तो नाकारला. कारण सेन्सॉरचं नव्हतं. त्यात महत्त्वाची स्त्रीभूमिका नाही, हा मुख्य आक्षेप होता. त्यानं मग पोलंडची राजकन्यावजा मारीना घातली, बरंच काही नव्यानं लिहिलं, आणि ८ फेब्रुवारी १८७४ रोजी मारीन्स्की नाट्यगृहात बोरिस एकदाचा गायला. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट घडली, तिच्यापुढे मारीना वगैरे किरकोळ आहेत. छापील नाटकाच्या शेवटी पुश्किननं एक रंगसूचना दिली आहे. बोरिसच्या बायकोला आणि मुलाला मारून सरदार बाहेर येतात, नव्या झारचा जयजयकार करा म्हणतात, आणि लोक गप्प राहतात. रशियन साहित्यातली ही बहुधा सर्वांत गाजलेली शांतता. मुसोर्ग्स्कीनं त्याच लोकांना वाचा दिली. त्याच्या ऑपेरात गर्दी पोलिसांच्या दटावणीनं रडते, आपण कशासाठी रडतोय ते एकमेकांना विचारते, भाकरी मागते, शेवटी क्रोमीच्या जंगलात एका सरदाराला पकडून त्याची रेवडी उडवते आणि तोतयाच्या मागून निघून जाते. मागे एकटा वेडा फकीर उरतो, रशियाच्या नावानं रडत.

पुश्किनशी हा द्रोह आहे, असं मानणारे आजही आहेत. मला उलट वाटतं, की त्या शांततेत काय काय दडलंय हे मुसोर्ग्स्कीनं ऐकलं. ती शांतता नंतरही सत्तेला टोचत राहिली. १९८२ साली मॉस्कोच्या तागान्का नाट्यगृहात युरी ल्युबीमोव्हनं पुश्किनचं मूळ नाटकच बसवलं. त्यानं दिमित्री पोक्रोव्स्कीच्या लोकगायकांची साथ घेतली, त्यामुळे प्रयोगभर गर्दी गातच राहायची. शेवटी बोरिसचं काम करणारा नट निकोलाय गुबेन्को प्रेक्षकांकडे वळून, तुम्ही गप्प का, असं विचारायचा. प्रयोग बंद पाडला गेला. तो पुन्हा उघडला १९८८मध्ये.

*

पुश्किननं बोरिस लिहिला त्याच वर्षी, शेजारच्या गावी आलेल्या आन्ना केर्न नावाच्या पाहुण्या बाईला एक छोटी प्रेमकविता लिहून दिली होती. पंधरा वर्षांनी, १८४०मध्ये, मिखाइल ग्लिन्का तिच्या मुलीच्या, येकातेरिनाच्या, प्रेमात पडला आणि आईवरच्या त्या कवितेला त्यानं मुलीसाठी चाल लावली. आज कोणाही रशियन माणसाला ती कविता म्हणायला सांगा, दुसऱ्या ओळीपर्यंत त्याचा आवाज ग्लिन्काच्या चालीकडे सरकतो. पुश्किनचं हे असंच झालं आहे. तो शाळेत वाचला जातो आणि नंतर जन्मभर ऐकला जातो.

या व्यवहारात कवीचा तोटा काय होतो, हे पाहायचं तर ‘येवगेनी ओन्येगिन’ पाहावा. १८७७च्या मे महिन्यात येलिझावेता लावरोव्स्काया या गायिकेच्या घरी गप्पा चालल्या होत्या, ऑपेरासाठी विषय काय घ्यावा यावर. तिनं ‘ओन्येगिन’ सुचवला. चायकोव्हस्कीला आधी कल्पना वेडगळ वाटली, मग जेवताना ती डोक्यात बसली, आणि रात्र त्यानं जागून काढली. त्याच दिवसांत आन्तोनिना मिल्युकोवा नावाची त्याची एक जुनी विद्यार्थिनी त्याला प्रेमपत्रं पाठवत होती. ‘ओन्येगिन’मध्ये तात्याना एका उथळ माणसाला प्रेमपत्र लिहिते आणि तो तिला उपदेश पाजून झिडकारतो. चायकोव्हस्की तात्यानाच्या पत्राचा प्रवेश रचत होता, ओन्येगिनचा त्याला राग येत होता आणि स्वतः तसं वागायची त्याला लाज वाटत होती. जुलैत त्यानं आन्तोनिनाशी लग्न केलं. काही आठवड्यांत ते मोडलं आणि तो देश सोडून गेला. कादंबरी वाचून असा निर्णय घेणारा संगीतकार रशियाबाहेर सापडणं कठीण.

ऑपेराचा पहिला प्रयोग २९ मार्च १८७९ रोजी मॉस्कोच्या माली नाट्यगृहात संगीतविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केला. त्याआधी स्वरलिपी पाहिलेल्या तुर्गेनेव्हनं टॉलस्टॉयला पत्रात लिहिलं होतं, की संगीत फार सुंदर आहे, पण संहिता म्हणजे कहर! पुश्किननं पात्रांबद्दल जे लिहिलंय ते पात्रांच्याच तोंडी घातलंय. तक्रार रास्त होती. पुश्किनच्या पद्यकादंबरीचा खरा नायक तिचा निवेदक आहे. तो खट्याळ आहे, विषय सोडून भटकतो, आपल्याच पात्रांची टर उडवतो. द्वंद्वयुद्धाच्या आदल्या रात्री तरुण कवी लेन्स्की जी कविता खरडतो, ती पुश्किननं मुद्दाम गुळगुळीत, उसन्या अलंकारांची लिहिली आहे आणि वर तिला टोमणाही मारला आहे. चायकोव्हस्कीनं निवेदकालाच हाकलून दिलं. लेन्स्कीची ती सुमार कविता त्यानं खरी मानली आणि तिला अशी चाल दिली, की टेनर गायकांच्या दहा पिढ्या तिच्यावर जगतील. पुश्किन हसतो तिथे ऑपेरा रडतो. कादंबरी वाचताना मला पुश्किन बरोबर वाटतो, ऑपेरा ऐकताना चायकोव्हस्की. यातून वाट काढायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

दुसऱ्या टोकाची माणसंही होती. अलेक्सान्द्र दार्गोमिझ्स्की या संगीतकारानं ठरवलं, की शब्दाला हातच लावायचा नाही. पुश्किनचं ‘पाषाणपाहुणा’ हे छोटं नाटक त्यानं जवळजवळ जसंच्या तसं सुरांत घातलं. मुसोर्ग्स्कीनं १८६८च्या उन्हाळ्यात त्याहून धाडस केलं. त्यानं गोगोलचं ‘लग्न’ घेतलं, आणि तेही गद्य. आळशी नवरदेव, त्याचा नोकर, मध्यस्थ बाई, यांचं बोलणं जसं चढतं-उतरतं तसे सूर. एक अंक करून त्यानं नाद सोडला. ऐकायला ते रुक्ष आहे, पण पुढे बोरिसमधली गर्दी जी इतकी जिवंत बोलते, तिची तालीम तिथे झाली.

*

टॉलस्टॉयचं प्रकरण निराळं. त्याला संगीत मनापासून आवडायचं, आणि आवडतं म्हणूनच त्याचा संशय यायचा.

डिसेंबर १८७६मध्ये निकोलाय रुबिन्स्तायननं मॉस्कोच्या संगीतविद्यालयात खास टॉलस्टॉयसाठी एक मैफल ठेवली. चायकोव्हस्कीच्या पहिल्या तंतुवाद्य-चौकडीतला संथ भाग वाजत होता, ज्याचा सूर एका लोकगीतावरून घेतलेला आहे, आणि चायकोव्हस्कीच्या शेजारी बसलेल्या टॉलस्टॉयच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आयुष्यात इतका अभिमान मला कधी वाटला नाही, असं चायकोव्हस्कीनं दहा वर्षांनी डायरीत लिहिलं. पण त्याच डायरीत दुसरीही नोंद आहे. भेट झाल्या झाल्या टॉलस्टॉयनं बेटोव्हनला काही येत नव्हतं असं सांगायला सुरुवात केली, ते त्याला खटकलं. शिवाय माणसाच्या मनाचा तळ पाहणारा हा लेखक आपल्यालाही आरपार वाचेल, अशी त्याला धास्ती वाटली आणि तो त्याला टाळू लागला. टॉलस्टॉयनं लोकगीतांचा एक संग्रह पाठवला, तर चायकोव्हस्कीनं उलट टपाली कळवलं, की ही गीतं अनाडी हातानं उतरवून घेतली आहेत. मैत्री जमली नाही.

१८८९ साली टॉलस्टॉयनं ‘क्रॉइत्झर सोनाटा’ पुरी केली. बेटोव्हनच्या व्हायोलिन सोनाटाचं नाव असलेली ही कथा एका खुनाची आहे. पोझ्दनिशेव्ह नावाचा गृहस्थ रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी प्रवाशाला सांगतो, की बायको पियानो वाजवायची, एक व्हायोलिनवाला घरी यायचा, दोघांनी ती सोनाटा वाजवली, आणि पुढे मी तिला भोसकलं. संगीत भयंकर असतं, हा त्याचा सिद्धांत. ते ऐकणाऱ्याला रचणाऱ्याच्या मनःस्थितीत ओढून नेतं आणि तिथे काही करायला न देता सोडून देतं. चीनमध्ये संगीत हा सरकारी कारभाराचा विषय आहे, आणि तो असायलाच हवा, असंही तो म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवावं, त्याला पुढे फार वाईट फळ आलं.

सेन्सॉरनं कथा अडवली, तोवर हातानं उतरवलेल्या आणि लिथोग्राफच्या प्रती घरोघर फिरत होत्या. एप्रिल १८९१मध्ये टॉलस्टॉयची बायको सोफिया आन्द्रेयेव्हना स्वतः झार अलेक्सान्द्र तिसरा याला भेटली आणि समग्र वाङ्मयाच्या खंडात ती छापण्याची परवानगी घेऊन आली. ज्या कथेत लग्नाची आणि बायकोच्या जातीची इतकी निर्भर्त्सना होती, ती सोडवून आणायला बायकोच गेली. चार वर्षांनी त्यांचा जवळजवळ सात वर्षांचा धाकटा मुलगा वान्या वारला. सोफिया कोलमडली, आणि तिला त्यातून वर काढलं ते सेर्गेई तानेयेव्हच्या पियानोनं. हा संगीतकार १८९५ आणि १८९६चे उन्हाळे यास्नाया पोल्यानात त्यांच्याकडे राहिला. त्याच्या वादनात तिचा जीव गुंतला, टॉलस्टॉय मत्सरानं जळू लागला. लेखकाची कथा त्याच्याच दिवाणखान्यात घडू लागली होती, फक्त इथे कोणी कोणाला मारलं नाही.

१९००च्या सुरुवातीला तरुण रखमानिनोव्ह आणि गायक शाल्यापिन मॉस्कोत टॉलस्टॉयच्या घरी गेले. पहिल्या सिम्फनीच्या फजितीनंतर रखमानिनोव्हचं लिहिणं थांबलं होतं, मन खचलं होतं, आणि या थोर माणसाच्या दोन शब्दांनी उभारी येईल अशी मित्रांना आशा होती. शाल्यापिन गायला, रखमानिनोव्हनं साथ केली, सगळे भारावले. टॉलस्टॉयनं थोड्या वेळानं रखमानिनोव्हला गाठून विचारलं, की असल्या संगीताची कुणाला गरज आहे का? बेटोव्हन निरर्थक, पुश्किन आणि लेर्मोन्तोव्हही निरर्थक, असंही तो म्हणाल्याचं रखमानिनोव्हनं पुढे सांगितलं. नंतर म्हातारा माफी मागायला आला, पण तो पोरगा त्या घरात पुन्हा गेला नाही.

*

पोझ्दनिशेव्हची इच्छा जानेवारी १९३६मध्ये पुरी झाली. संगीत सरकारी कारभाराचा विषय बनलं.

दिमित्री शोस्ताकोविचचा ‘म्त्सेन्स्क जिल्ह्यातली लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा दोन वर्षं लेनिनग्राड आणि मॉस्कोत गर्दीत चालला होता. मूळ दीर्घकथा निकोलाय लेस्कोव्हची, १८६५ साली दस्तयेव्हस्की बंधूंच्या मासिकात आलेली. व्यापाऱ्याची कंटाळलेली बायको कातेरिना प्रियकरासाठी सासऱ्याला, नवऱ्याला आणि वारस असलेल्या लहान पुतण्याला मारते. लेस्कोव्ह हे सगळं थंडपणे, पंचनामा लिहावा तसं सांगतो. शोस्ताकोविचनं पोराचा खून गाळला आणि कातेरिनाला असे सूर दिले, की तिच्या आजूबाजूचेच गुन्हेगार वाटावेत. पुन्हा तेच घडलं: जिची दया येऊ नये ती गायला लागली. २६ जानेवारीला स्टालिन बोल्शोय नाट्यगृहात आला आणि प्रयोग संपण्याआधी उठून गेला. २८ तारखेच्या ‘प्रावदा’त ‘संगीताऐवजी गोंधळ’ हा निनावी अग्रलेख आला. मैफलीसाठी अर्खान्गेल्स्कला गेलेल्या शोस्ताकोविचनं तो तिथे वाचला. या खेळाचा शेवट फार वाईट होऊ शकतो, अशी धमकी त्या लेखात उघड होती. त्या काळी त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

त्यानं चौथी सिम्फनी तालमीतून मागे घेतली. ती वाजली पंचवीस वर्षांनी, डिसेंबर १९६१मध्ये. आणि १९३७च्या सुमारास, एकीकडे माणसं रात्रीतून नाहीशी होत असताना, सोव्हिएत सरकारनं पुश्किनच्या मृत्यूची शताब्दी प्रचंड थाटात साजरी केली. पुश्किनवर काही रचणं हे त्या वर्षी सर्वांत निर्धोक काम होतं. शोस्ताकोविचनं त्याच्या कवितांवर गीतं करायला घेतली. पहिली कविता ‘पुनर्जन्म’ निवडली. तिचा विषय असा: एक रानटी चित्रकार एका प्रतिभावंताच्या चित्रावर आपलं गिचमिड रंगवून ठेवतो, काळ जातो, वरचे परके रंग खपल्यांसारखे गळून पडतात आणि मूळ चित्र पुन्हा दिसू लागतं.

मग आली पाचवी सिम्फनी. २१ नोव्हेंबर १९३७, लेनिनग्राड, संचालक येवगेनी म्राविन्स्की. अधिकृत अर्थ असा लावला गेला, की कलावंतानं टीका मान्य केली, सुधारला. शेवटचा भाग दणदणीत आणि विजयी आहे, हे त्याचं प्रमाण. श्रोते संथ भागात रडले आणि शेवटी टाळ्या थांबेनात. त्या विजयी भागाची सुरुवात ज्या चार स्वरांनी होते, ते ‘पुनर्जन्म’ या गीतात रानटी चित्रकाराचं नाव येतं तिथले स्वर आहेत. पुढे, अखेरच्या गदारोळाआधी जी शांत जागा आहे, तिथे त्याच गीताची साथसंगत हळूच ऐकू येते. गीतं जाहीरपणे गायली गेली १९४०मध्ये, म्हणजे १९३७च्या सभागृहात हे कोणाला कळणं शक्यच नव्हतं. ‘प्रावदा’चा संपादक मजकूर शोधत होता आणि मजकूर होता पुश्किनचा. ज्या महिन्यांत सरकार त्याच कवीला डोक्यावर घेऊन नाचत होतं, त्या महिन्यांत.

याचा अर्थ सिम्फनीचा ‘खरा’ संदेश सापडला, असं काही जण म्हणतात. मी तितक्या लांब जाणार नाही. संगीत म्हणजे कुलूप आणि कविता म्हणजे किल्ली, असं मानलं तर आपणही त्या संपादकाच्याच पंगतीला जाऊन बसतो. पण शोस्ताकोविचनं ते चार स्वर चुकून उचलले, हेही मला पटत नाही.

स्टालिन गेल्यावर शब्द उघडे झाले. १९ सप्टेंबर १९६१च्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’त येवगेनी येव्तुशेंको या तरुण कवीची ‘बाबी यार’ आली. कीव्हजवळच्या बाबी यार या दरीत सप्टेंबर १९४१मध्ये नाझींनी दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू माणसं मारली होती आणि तिथे साधं स्मारकही नव्हतं. कविता त्याबद्दल बोलत होती, आणि देशातल्या ज्यूद्वेषाबद्दलही. (त्याच १९६१ साली आपले अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले. स्टालिनग्राडचा पवाडा त्यांनी युद्धाच्या काळातच रचला होता. त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’मध्ये रंगवलेला देश आणि येव्तुशेंकोनं दाखवलेला देश एकच, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.) शोस्ताकोविचनं त्या कवितेला आणि कवीच्या आणखी चार कवितांना घेऊन तेरावी सिम्फनी रचली: एक खर्जातला गायक, पुरुषांचा वृंद आणि वाद्यवृंद. आता सूर उलगडायची गरज नव्हती, सगळं सरळ गायलं जाणार होतं.

त्यामुळे अडचणी गायकापासून सुरू झाल्या. बोरीस ग्मिर्यानं नकार दिला. जुना साथीदार म्राविन्स्कीही मागे सरला आणि किरील कोन्द्राशिननं संचालन स्वीकारलं. प्रयोगाच्या दिवशी, १८ डिसेंबर १९६२ला, ठरलेला गायक अखेरच्या तालमीला आलाच नाही. बोल्शोयनं त्याला ऐनवेळी दुसऱ्या कामाला लावलं होतं. बदली म्हणून तयार ठेवलेला तरुण वितालि ग्रोमाद्स्की उभा राहिला. कोन्द्राशिनला तालमीतून फोनवर बोलावून मंत्र्यानं विचारलं, की पहिला भाग गाळून चालेल का? तो म्हणाला, नाही. मॉस्को संगीतविद्यालयाचं मोठं सभागृह भरलं, बाहेर पोलीस. कार्यक्रमपत्रिकेत कवितांचे शब्द छापले नव्हते. शब्द छापायचा प्रघात मोडून कोणाला फसवायचं होतं, कोण जाणे; सभागृहातल्या बहुतेकांना ‘बाबी यार’ पाठ असणार. दोन दिवसांनी झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. पुढच्या फेब्रुवारीतल्या प्रयोगांआधी कवीकडून पहिल्या कवितेच्या काही ओळी बदलून घेण्यात आल्या. त्या दरीत रशियन आणि युक्रेनीही पडले आहेत, असा समतोल साधण्यात आला. स्वर एकही बदलावा लागला नाही.

*

बोरीस पास्तरनाक संगीतकारच व्हायचा. आई रोझालिया नामांकित पियानोवादक. १९०३च्या उन्हाळ्यात ओबोलेन्स्कोयेला शेजारच्या बंगल्यात स्क्रियाबिन आपली तिसरी सिम्फनी रचत होता, ती झाडीतून ऐकत तेरा वर्षांचा बोरीस वेडा झाला. सहा वर्षं त्यानं रचनाशास्त्र शिकलं. १९०९मध्ये आपल्या रचना स्क्रियाबिनला वाजवून दाखवल्या आणि स्क्रियाबिननं त्या वाखाणल्या. पण पास्तरनाकच्या मनात एक सल होता, स्वर ऐकताक्षणी नावानिशी ओळखण्याची जन्मजात देणगी आपल्याला नाही. स्क्रियाबिनलाही ती नव्हती. त्यानं मनाशी पैज लावली: गुरूनं तसं स्वतःबद्दल कबूल केलं तर संगीत आपलं. स्क्रियाबिननं समजूत घालताना उदाहरणं दिली ती वाग्नर आणि चायकोव्हस्कीची. पास्तरनाकनं संगीत सोडलं. पुढे तो कवी झाला, पण सोडलेला पियानो त्याच्या अवतीभवतीच राहिला. त्याची दुसरी बायको झिनाइदा ही पियानोवादक हाइनरिख नोयहाउसची आधीची पत्नी. ‘डॉक्टर झिवागो’ या आपल्या कादंबरीचा सुरुवातीचा भाग त्यानं फेब्रुवारी १९४७मध्ये वाचून दाखवला, तो पियानोवादक मारिया युदिनाच्या घरी.

या युदिनाबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती नेवेल नावाच्या छोट्या गावातली. क्रांतीच्या धामधुमीत त्या गावात काही तरुण तत्त्वज्ञानावर वाद घालत बसायचे, त्यांत ही होती आणि मिखाइल बाख्तिनही. बाख्तिननं १९२९ साली दस्तयेव्हस्कीवर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या कादंबऱ्यांतले अनेक स्वतंत्र, एकमेकांत न विरघळणारे आवाज सांगायला शब्द वापरला ‘पॉलिफनी’, बहुस्वरता. तो थेट संगीतशास्त्रातून उचललेला. पुस्तक येईपर्यंत लेखक अटकेत होता, आणि त्याची शिक्षा सौम्य व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत युदिना होती. जगभरचे प्राध्यापक आज कादंबरीवर बोलताना जो शब्द सर्रास वापरतात, त्याचं मूळ अशा सोबतीत आहे. म्हातारपणी ती मैफलीत बाखच्या रचना वाजवून झाल्यावर मंचावरूनच पास्तरनाकच्या कविता वाचायची. त्यापायी तिच्या मैफली बंद केल्या गेल्या. २ जून १९६० रोजी पेरेदेल्किनोत पास्तरनाकचा देह घरात ठेवला होता, तेव्हा तिथल्या पियानोवर ती वाजवत होती आणि स्व्यातोस्लाव रिख्तरही वाजवत होता. वर्तमानपत्रांनी मृत्यूची बातमी जेमतेम दिली होती.

सुशिक्षित वाद्यवृंदानं जे करायचं ते केलं होतं. पुढचं काम सात तारांच्या गिटारनं आणि टेपरेकॉर्डरनं केलं. छापायला परवानगी लागे, टेप उतरवायला लागत नसे. ओकुद्झावा, गालिच, विसोत्स्की यांची गाणी स्वयंपाकघरांत ध्वनिमुद्रित व्हायची आणि प्रतीवरून प्रत, खरखरत, व्लादिवोस्तोकपर्यंत जायची. मार्च १९६८मध्ये नोवोसिबिर्स्कजवळच्या अकादेमगोरोदोक या शास्त्रज्ञांच्या वस्तीत अलेक्सान्द्र गालिचनं पास्तरनाकच्या स्मृतीचं आपलं गाणं म्हटलं. ज्यांनी सभेत हात वर करून त्या कवीला लेखकसंघातून काढलं, त्यांची नावं आम्ही विसरणार नाही, असं बजावणारं. सभागृह उठून उभं राहिलं. १९७१च्या अखेरीस त्याच लेखकसंघानं गालिचलाही काढलं.

त्याच सुमारास, नोव्हेंबर १९७१मध्ये, तागान्कात ल्युबीमोव्हचा ‘हॅम्लेट’ उघडला. भाषांतर पास्तरनाकचं. पण प्रयोग शेक्सपिअरनं सुरू होत नसे. काळा स्वेटर घातलेला व्लादीमिर विसोत्स्की गिटार घेऊन पुढे यायचा आणि पास्तरनाकची ‘हॅम्लेट’ नावाची कविता गायचा. ती ‘डॉक्टर झिवागो’च्या शेवटी, नायकाच्या कविता म्हणून दिलेल्यांपैकी पहिली. कादंबरी देशात बंद होती आणि १९८८पर्यंत बंदच राहणार होती. तिचं एक पान सरकारी नाट्यगृहात, तिकीट लावून, जवळपास नऊ वर्षं गायलं गेलं. जुलै १९८०मध्ये, मॉस्को ऑलिंपिक चालू असताना, विसोत्स्की बेचाळिसाव्या वर्षी गेला. शेकडो गाण्यांच्या या कवीचं हयातीत एकही पुस्तक निघालं नव्हतं. पहिलं, ‘नेर्व्ह’, १९८१मध्ये निघालं. त्यात त्याची गाणी कविता म्हणून छापली होती, आणि पुस्तक हातात पडण्याआधीच लोकांना ती चालीसकट तोंडपाठ होती.